पाच कळ्यांचा दांडा

१२ मे, सोमवार

बाबा,

फार वर्षं लिहिलं नाही, माफ करा. तुम्ही गेल्यावर पहिलं वर्षभर मी डायरीत रोज तुम्हाला काहीतरी सांगत असे. या सॉल्ट लेकच्या फ्लॅटमधला नळ कसा गळतो, आईची साखर किती आली, ऑफिसात कोण काय म्हणालं. मग हळूहळू ते थांबलं. तेव्हा तुमच्यावर राग नव्हता, बोलण्यासारखं सगळं बोलून झालंय असं वाटायला लागलं होतं एवढंच. आज वीस वर्षांनी पुन्हा लिहायला बसलेय ती मात्र रागानेच. आधीच सांगून टाकते, म्हणजे मुलीला तुमची आठवण आली असा गैरसमज नको.

तीन आठवड्यांपूर्वी, रविवारी सकाळी, कालिंपाँगहून दाजूंच्या सुनेचा फोन आला. दाजूंना जाऊन सात वर्षं झाली, हे तुम्हाला माहीत नसणार. तुमचे वाफे त्यांनी माळी म्हणून जन्मभर सांभाळले, आणि आता तिथे त्यांची सून नर्सरी चालवते. ऑर्किड आणि अझेलियावर तिचं घर चालतं. सगळ्यात वरच्या पायरीवर, जिथे पाणी साचत नाही, तिथे तुमच्या दाढीवाल्या आयरिसची एक ओळ तिने अजून ठेवली आहे. तुम्ही स्वतः संकर करून काढलेल्यांपैकी त्यात एकच जात उरलीय. माझ्या घरच्या नावाची. खालच्या पाकळ्या फिक्या जांभळ्या, वरच्या जवळजवळ पांढऱ्या, आणि खालच्या पाकळ्यांवरची ती लव, म्हणजे दाढी, हळदीच्या रंगाची. लोक ती विकत घेतात म्हणे. सुनेला नर्सरीची नवी यादी छापायची होती. प्रत्येक जातीपुढे उंची, कळ्या, फांद्या असं सगळं द्यायचं होतं, आणि ती माझ्या जातीपाशी अडली होती.

"दीदी, बुरा मत मानना, एक बात पूछनी थी," ती म्हणाली. "साहब के कागज में नौ कली लिखा है. मेरे यहाँ पाँच आता है. किसी साल छह. नौ तो मैंने कभी देखा ही नहीं."

मी म्हटलं, हवामान बदललंय, तिकडे पाऊसही आता लवकर सुरू होतो.

"वो तो है. पर मैंने मिट्टी बदली, हड्डी का चूरा डाला, दो बार जगह भी बदली. ससुरजी जब तक थे, यही बोलते थे, साहब की गिनती गलत नहीं होती बहू, तेरे हाथ में कुछ कमी है." एवढं बोलून ती हसली, पण ते हसणं जुनं, वापरून गुळगुळीत झालेलं होतं. "आपके पास पुराना रजिस्टर होगा न? देखकर बताइए न, साहब खाद क्या देते थे."

तिला फक्त खताचं नाव हवं होतं, बाबा. मी बघून सांगते म्हटलं आणि त्याच दुपारी माळ्यावरून तुमची पत्र्याची ट्रंक उतरवली.

ट्रंक उघडताना मला आधी आठवलं ते कालिंपाँग नव्हतं, बराकपूरच्या क्वार्टरमधलं स्वयंपाकघर होतं. हिवाळा आहे, आईने मटाराच्या शेंगांची रास वर्तमानपत्रावर ओतली आहे, तुम्ही कॉलेजातून येऊन बूटही न काढता दारात उकिडवे बसला आहात. तुम्ही एक शेंग माझ्या हातात देता. "न फोडता सांग, दाणे किती?" मी अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये शेंग धरून देठापासून टोकापर्यंत सरकवते. सात, आणि टोकाशी एक बारीक, न भरलेला. तुम्ही शेंग फोडता. सात आणि एक बारीक. मी आठ वर्षांची असेन. तासभर आपण हेच करतो, आणि तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा चुकता. "हिची बोटं बघ गं," तुम्ही आईला म्हणता. आई म्हणते, "बोटं बघून झाली असतील तर आमटीपुरते दाणे उरू द्या." त्या हिवाळ्यात मला वाटायचं की हे जगातलं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे आणि ते मला येतं.

ते कशाची तयारी होतं, हे पुढे कळलं. तुम्ही वनस्पतिशास्त्र शिकवत होतात, पण तुमचा खरा जीव त्या डोंगरावरच्या चार वाफ्यांत होता. कोलकात्यात ते फूल जगत नाही. दोनदा तुम्ही गच्चीवर लावून पाहिलं आणि दोन्ही वेळा जुलैमध्ये कंद सडून त्यांचा लगदा झाला. आई म्हणाली होती, हा पाहुणा आपल्या घरी राहायचा नाही, तुम्हीच त्याच्या घरी जा. मग दर वर्षी एप्रिलच्या शेवटी, माझी परीक्षा संपली की, आपण दोघं सियालदहहून उत्तरेची गाडी धरायचो. आई एकदाच आली. जळवा तिच्या चपलेत शिरल्या, त्यानंतर नाहीच.

फूल कुणीही सुंदर काढतं, दांडा बघायला शीक, असं तुम्ही सांगायचात. मला अजून ते सगळं पाठ आहे. एक फूल दोन-तीन दिवस टिकतं. दांड्यावर पाच कळ्या असतील तर दहा-बारा दिवसांत खेळ आटोपतो, नऊ असतील तर तीन आठवडे दांडा उभा राहतो. नुसत्या कळ्या असूनही भागत नाही. फांद्या एकमेकींपासून आणि मुख्य दांड्यापासून मोकळ्या सुटलेल्या हव्यात, नाहीतर एकाच वेळी उमललेली फुलं एकमेकांच्या अंगावर पडतात, आणि तुमच्या शब्दांत, शेवटच्या गाडीला लटकलेल्या माणसांसारखी दिसतात. कळी उघड दिसते ती पहिली. तिच्याच कागदासारख्या पातळ आवरणात मागे दुसरी दडलेली असू शकते, सुरुवातीला तांदळाच्या दाण्याएवढी. ती डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळते. मटाराच्या शेंगांचा उपयोग इथे होता.

तुमचा नियम होता: कमीत कमी सात कळ्या, तीन फांद्या. त्याखालचं रोप खताच्या खड्ड्यात. रंग कितीही देखणा असो. मोजायची पद्धतही ठरलेली होती. तुम्ही एकटे ओळीतून जायचं, मी एकटीने जायचं, एकमेकांशी बोलायचं नाही. प्रत्येक रोपाचा आकडा आपापल्या चिठ्ठीवर लिहून, घडी घालून बिस्किटांच्या डब्यात टाकायचा. संध्याकाळी दोन्ही चिठ्ठ्या उघडायच्या. जुळल्या तर आकडा रजिस्टरात. नाही जुळल्या तर सकाळी दोघांनी एकत्र, मोठ्याने म्हणत, तिसऱ्यांदा मोजायचं. चिठ्ठी कधी फेकायची नाही, रजिस्टरात त्या पानाला चिकटवायची. "आकडा चुकला तर चालतो, तो कसा चुकला ते मिटवायचं नाही," हे तुमचंच वाक्य.

एक तांब्याच्या रंगाचं रोप होतं, दाजूंचं लाडकं. सकाळी वाफ्यावर आले की आधी त्याच्यापाशी जायचे. त्याला सहा कळ्या आल्या. तुमच्याही चिठ्ठीत सहा, माझ्याही. दाजू कुदळ हातात धरून उभे राहिले. "एकही तो कम है, साहब. एक." तुम्ही म्हणालात, "एक कम, मतलब कम." दाजूंनी ते स्वतःच्या हाताने उपटलं आणि खड्ड्यात टाकलं. मला तेव्हा तुमचा केवढा अभिमान वाटला होता! वाईट वाटलं आणि अभिमानही वाटला.

पुढच्याच वर्षी मी तेरा वर्षांची होते. हळदीच्या दाढीचं ते रोप पहिल्यांदा नीट फुलणार होतं. गेल्या वर्षीच्या एकाच अर्ध्या फुलावरून तुम्ही ठरवून टाकलं होतं की याला माझं नाव द्यायचं. जस्ताच्या पट्टीवर खिळ्याने ठोकून ठोकून अक्षरं उमटवली होतीत, आणि त्या दिवशी कोलकात्याहून फुलांच्या मंडळाचे दोन गृहस्थ मुद्दाम पाहायला आले होते. दुपारी जेवताना तुम्ही त्यांना ती पट्टी दाखवलीत. त्यांनी टाळ्या वाजवल्या, एकाने मला जवळ बोलावून विचारलं की स्वतःच्या नावाचं फूल असलेल्या मुलीला आता आम्ही काय म्हणायचं. मी भातात बोटं फिरवत बसले. मोजणी जेवणानंतर होती.

मी त्या रोपापाशी किती वेळ बसले होते, ते मला नीट आठवतं. टोकाला एक आवरण, त्यात उघड दिसणारी एक कळी आणि मागे दडलेली एक. वरची फांदी, तिच्यावर दोन. खालची फांदी, तिच्यावर एक. तिसरी फांदी नाहीच. मी बोटं पुन्हा सरकवली. सगळीकडे आवरणं रिकामी, सपाट. मला तिथे काहीतरी असावं असं फार वाटत होतं, कारण नाव माझं होतं. मी दाजूंकडे पाहिलं, पण बोलायचं नाही हा नियम. शेवटी मी चिठ्ठीवर लिहिलं: कळ्या ५, फांद्या २. डब्यात टाकली. मला रडू येत होतं, पण त्याहून जास्त, आपण बरोबर केलं असं वाटत होतं. तुम्हाला ते आवडेल असं वाटत होतं.

संध्याकाळी, उजेड असतानाच, ओसरीवर तुम्ही चिठ्ठ्या उघडल्यात. बाकी सगळ्या भराभर जुळल्या. मग ही. तुम्ही माझी उघडलीत आणि वाचलीत, "पाच. दोन." मग तुमची उघडलीत, क्षणभर पाहिलंत आणि म्हणालात, "नऊ. तीन." आणि चिठ्ठी मिटून खिशात ठेवलीत.

मी म्हटलं, "मग सकाळी तिसऱ्यांदा मोजू."

"काही गरज नाही," तुम्ही म्हणालात. "चार कळ्यांचा फरक म्हणजे मोजणीतला फरक नव्हे, तो निष्काळजीपणा. बुंध्याजवळची फांदी तुला दिसलीसुद्धा नाही. लक्ष कुठे होतं तुझं? स्वतःच्या नावात?"

पाहुण्यांपैकी एक म्हणाले, "छोटो मेये, भूल होतेई पारे." लहान मुलगी, व्हायचीच चूक. ते मायेने म्हणाले. त्यांच्या मायेनेच मी जास्त लाजले. तुम्ही रजिस्टर ओढलंत, शाईने नऊ लिहिलंत, आणि मान वर न करता म्हणालात, "यापुढे तू लिहून घे. मोजायचं मी बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर आपण खाली उतरलो, त्यामुळे तो दांडा मला पुन्हा पाहायला मिळाला नाही. सिलिगुडीला स्टेशनवर तुम्ही मला कातडी पाकिटातलं छोटं भिंग दिलंत, तुमचं स्वतःचं, विद्यार्थी असल्यापासून वापरलेलं.  मला वाटलं, माझे डोळे कमी पडतात म्हणून दिलंय. मी थँक्यू म्हटलं. गाडीत रात्रभर ते मुठीत धरून होते आणि मनात ठरवत होते की पुढच्या वर्षी चुकणार नाही. पुढच्या वर्षी मला मोजायला मिळालं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. बारावीनंतर बॉटनीचा फॉर्म तुम्ही माझ्यापुढे ठेवलात तेव्हा मी गणित घेते म्हणाले. तुम्ही कारण विचारलं नाहीत. मी त्या वेळी ते समंजसपणाचं लक्षण मानलं होतं.

आता ट्रंकेतलं सांगते. रजिस्टरात ते पान लगेच सापडलं. नऊ, तीन, तुमच्या काळ्या शाईत. डाव्या बाजूला माझी चिठ्ठी चिकटवलेली, माझं तेरा वर्षांचं गोल अक्षर. उजव्या बाजूला तुमची, पण उलटी, अक्षर कागदाकडे करून. बाकी पानांवरच्या सगळ्या चिठ्ठ्या सुलट आहेत, मी एकूणएक पाहिल्या. डिंक जुना होऊन सुटत आला होता. मी फूटपट्टीच्या धारेने ती उचलली. कळ्या ५, फांद्या २. खाली तुमची सही आणि वेळ, दुपारचे पावणेतीन. माझ्या आधी तासभर तुम्ही मोजलं होतंत आणि तुमच्या बोटांना तेच लागलं होतं जे माझ्या बोटांना लागलं.

मी घाईने निष्कर्ष काढणारी नाही, हे तुम्हाला माहीत आहे. ते तुम्हीच केलंय. त्या रात्री मी तुमची बाजू मांडून पाहिली. कदाचित पावणेतीननंतर तुम्ही एकटे जाऊन पुन्हा मोजलंत आणि तेव्हा नऊ लागल्या. पण मग तशी दुसरी चिठ्ठी असती. कदाचित ते दोन वेगळे दांडे होते. पण त्या वर्षी त्या रोपाला एकच दांडा होता, रजिस्टरातच लिहिलंय. आणि तुम्ही घाईत चुकीची चिठ्ठी वाचलीत म्हणावं, तर मग ही उलटी चिकटवायचं कारण नव्हतं, आणि तिकडे डोंगरावर एक बाई दर वर्षी पाच, फार तर सहा मोजतेय. मी तिन्ही शक्यता कागदावर लिहून एकेक खोडली. मग उरलं ते हेच, की तुम्हाला माहीत होतं. वाचताना माहीत होतं, मला निष्काळजी म्हणताना माहीत होतं, भिंग देतानाही माहीत होतं.

कारणही मला कळतं. पट्टी ठोकून झाली होती, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि माझ्या नावाचं रोप माझ्यादेखत खड्ड्यात टाकायचं तुम्हाला जमलं नाही. तुमच्या मनात प्रेमच असेल. दाजूंच्या त्या तांब्याच्या रंगाच्या रोपाच्या वेळी जो नियम चालला तो माझ्या वेळी चालेना, हे एरवी मी किती आनंदाने ऐकलं असतं. पण त्यासाठी तुम्हाला एक पर्याय होता, बाबा. तुम्ही म्हणू शकला असतात, "पाच आहेत, तरीही ठेवतो." कुणी काय केलं असतं? ते दोन गृहस्थ हसले असते आणि परत जेवले असते. तुम्हाला नियमही मोडायचा नव्हता आणि फूलही टाकायचं नव्हतं, मग टाकण्यासारखं तिथे एकच उरलं. माझ्या नावाच्या फुलासाठी तुम्ही मला खोटं पाडलंत.

चिठ्ठ्या मी आईला दाखवल्या. ती एक्याऐंशीची आहे, चष्मा लावूनही हात लांब धरून वाचते. दोन्ही चिठ्ठ्या तिने शेजारी शेजारी धरल्या आणि म्हणाली, "हं. म्हणजे फेकली नव्हती त्यांनी."

"तुला माहीत होतं?"

"आल्या दिवशीच सांगितलं त्यांनी. जेवले नाहीत. म्हणाले, पोरीला उगाच बोललो. मी म्हटलं, मग जाऊन सांगा तिला. म्हणाले, पुढच्या वर्षी तिथेच वाफ्यावर सांगतो." आईने चष्मा काढला. "अकरा वर्षं त्यांचं पुढचंच वर्ष चाललं होतं."

"आणि नंतर? ते गेल्यावर तू का नाही सांगितलंस?"

"ते तुमच्या दोघांतलं होतं."

"आई, आमच्या दोघांतला एक मेला होता!"

"ओरडू नकोस, शेजारी मुखर्जीबाई झोपल्यात," ती म्हणाली, आणि चिठ्ठ्या माझ्या हातात परत देत, "अगं, त्यांना वाटलं, फूल टाकलं तर तू रडशील."

"मी रडलेच ना."

"हो, पण ते त्यांना दिसलं नाही. तू बाथरूममध्ये रडायचीस."

मला हसू आलं, आणि त्याचाही राग आला. माझा अर्धा राग आता तिच्यावर गेलाय आणि तिला त्याचं काही नाही. रोज सकाळी मी तिच्या गोळ्या डबीत भरते, झाकण लावते, उघडते, परत मोजते. परवा ती म्हणाली, "मोजतेस की जप करतेस?" बत्तीस वर्षं मी अशीच आहे. गॅस तीनदा पाहते. सेक्टर फाइव्हच्या ज्या ऑफिसात मी काम करते, तिथे दवाखान्यांतून आलेले कागदी फॉर्म दोन वेगवेगळी माणसं एकमेकांना न विचारता संगणकात भरतात आणि न जुळलेला आकडा माझ्याकडे येतो. मी मूळ कागद काढून बघते. लोकांना वाटतं हे काम रटाळ आहे. मला ते पहिल्या दिवसापासून घरचं वाटलं, आणि का, ते मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. दोघांपैकी कुणाचा आकडा चुकला हे मी सांगते तेव्हा समोरची मुलं गप्प ऐकतात. पण माझा स्वतःचा आकडा आणि दुसऱ्याचा जुळला नाही, तर आजही मी कागद बघायच्या आधीच माझा खोडते. बँकेत, दुकानात, कुठेही. लग्नाचं जमत होतं तेव्हाही मी तेच केलं. समोरच्याने सांगितलेलं माझ्या पाहण्याशी जुळेना, तर मीच नीट पाहिलं नसेल असं धरून दोन वर्षं काढली. त्याचं सगळं खापर तुमच्यावर फोडणं बरोबर नाही. थोडं मात्र तुमचंच आहे.

आणि एक गोष्ट मला सुटत नाही. चिठ्ठी तुम्ही जाळू शकला असतात. तिथे चूल होती. तुम्ही ती खिशातून घरी आणलीत, डिंक लावलात आणि उलटी का होईना, पानाला चिकटवलीत. मला सापडावी म्हणून, की चिठ्ठी फेकायची नाही हा नियम तेवढा तुमच्याने मोडवेना म्हणून? पहिलं असेल तर तुम्ही मला विश्वासात घेतलंत, फक्त बत्तीस वर्षं उशिरा. दुसरं असेल तर तुमचा कागदाशी असलेला प्रामाणिकपणा माझ्याशी असलेल्यापेक्षा मोठा होता. मी दोन्ही बाजूंनी रात्री झोपेपर्यंत विचार करते आणि मला ठरवता येत नाही. तुम्ही असतात तर विचारलं असतं, आणि तुम्ही म्हणाला असतात, पुढच्या वर्षी सांगतो.

हे पत्र मी कुठे पाठवणार नाही, ट्रंकेतही ठेवणार नाही, डायरीतच राहील. त्यामुळे शेवटचं जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. दाजूंच्या सुनेचा गेल्या आठवड्यात पुन्हा फोन आला. यादी छापायला द्यायचीय, दीदी, रजिस्टर मिळालं का. रजिस्टर माझ्या पुढ्यात, टेबलावर उघडं होतं. मी म्हटलं, "नहीं मिला. शायद दीमक खा गई." ती म्हणाली, "कोई बात नहीं, फिर नौ ही रहने देती हूँ. इस साल गोबर ज़्यादा डालकर देखूँगी." मी "हाँ, देखिए" म्हणाले. असंच म्हणाले, बाबा, जराही अडखळले नाही. तुमचं नाव तिथे अजून चांगलं आहे, माझ्या नावाची पट्टीही आहे, आणि फोनवर तेवढ्या वेळात मला ती दोन्ही जपावीशी वाटली. तिच्या हातात काही कमी नाही, हे एका वाक्यात सांगता आलं असतं. माझ्या तोंडून ते निघालं नाही, आणि आता तुम्ही ओसरीवर चिठ्ठी मिटलीत तो क्षण मला पूर्वीपेक्षा बराच ओळखीचा वाटतो. त्याने माझा राग कमी झालेला नाही.

उद्या: यादी छापायला जायच्या आत कालिंपाँगला फोन करून खरं सांगणे.